डाव्या खांद्याची प्लेट

११ एप्रिल

छोट्या,

मी आणि पत्र! शाळेत तुझे निबंधसुद्धा मीच लिहून द्यायचे, पण त्यात काहीही खपायचं. इथे जरा जपून लिहायचं आहे. तुझ्या केंद्रातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, फोन करू नका. फोनवरचा आवाज त्याच्या डोक्यात नुसता गोळा होतो, तो गडबडतो आणि मग दिवसभर सगळ्यांवर चिडतो. पत्र लिहा, मोठ्या अक्षरात. ते तो पुन्हा पुन्हा वाचेल. आणि उत्तर त्यालाच लिहू द्या, डाव्या हाताने, लागू दे किती वेळ लागायचा तो. म्हणून हा खटाटोप.

तुला काय आठवतं आणि काय नाही, मला नक्की कळत नाही. म्हणून मुळापासून लिहिते, राग मानू नकोस. तू बोटी पळवतोस. मी बोटी बांधते, अण्णांच्याच शेडमध्ये. अण्णा जाऊन आठ वर्षं झाली. ते मासेमारीच्या लाकडी बोटी बांधायचे. आपण शर्यतीच्या बांधायला घेतल्या तेव्हा त्यांनी आपल्याला सरळ वेड्यात काढलं होतं. सव्वीस फेब्रुवारीला शर्यतीत तुझी बोट उलटली. डोक्यात रक्त साचलं होतं, ते काढलं. मानेचं ऑपरेशन झालं. उजव्या बाजूला अजून जोर नाही. हॉस्पिटलातून तुला तिथे हलवलं, कारण असं केंद्र जवळपास नाही. बसने नऊ तास आहेत, नाहीतर मी रोज येऊन तुझं डोकं खाल्लं असतं.

तुझी बोट शेडच्या मागच्या कोपऱ्यात आहे, ताडपत्रीखाली. सुतारकाका तिच्याकडे पाठ करूनच काम करतात. काका आठवतात ना? अण्णांच्या वेळचे, कानावर पेन्सिल, जन्मात कुणाचं कौतुक न केलेले. काल म्हणाले, "त्याला कळव, फार लोळू नको म्हणावं, इथे घासायला माणूस नाही." हे त्यांचं प्रेम समज.

मास्तर दोनदा येऊन गेले. आठवडाभर पोरांना भूमिती शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी ताशी दीडशेनं पाणी कापायचं, असा माणूस दुसरा कुठे सापडायचा नाही. त्यांची बोटही आपण तुझ्याच बोटीच्या जोडीने बांधली, तशीच बंद कॅप्सूलची, चालक आत पट्ट्यांनी बांधलेला. ते येऊन तुझ्या स्टुलावर बसतात आणि थोड्या वेळाने उठून जातात. त्यांच्या घरून वहिनींनी तुझ्यासाठी मोजे विणून दिले आहेत, सोबत पाठवते आहे.

घाई नाही. चार शब्द लिही.

तुझी ताई


२९ एप्रिल

ताई

हे मी लिहितो. डावा हात. तीन दिवस लागले.

मोजे आले. उजवा पाय गार पडतो. मला कळत नाही. सिस्टर सांगतात.

नारिंगी बोया आठवतो. मग काही नाही.

मी काय चुकलो. सगळे म्हणतात विश्रांती घ्या. कोणी सांगत नाही. दिवसभर तेच. जेवण जात नाही.

पट्टा तुटला का. का मी.

तू सांग. तू खोटं नाही बोलत.

छोट्या


६ मे

छोट्या,

तुझं पत्र आलं आणि मी ते शेडच्या भिंतीवर लावलं. अक्षर तुझ्या पहिलीतल्या अक्षरापेक्षा बरं आहे.

सिस्टरचाही निरोप आला. तू जेवणाचं ताट ढकलून देतोस आणि डावा हात स्वतःच्याच कपाळावर मारून घेतोस म्हणे. तू विचारलंस, तर सगळं लिहिते. एकदाच लिहिते, मग तो विषय बंद.

तिसरी फेरी होती. तू दुसरा होतास, निळ्या बोटीच्या मागे. वळणाच्या खुणेला, त्या तरंगत्या नारिंगी बोयाला वळून सरळ पट्टीत आलास आणि वेग घेतलास. ताशी एकशे ऐंशीच्या आसपास असावा. तेवढ्यात डावीकडून वारा आला आणि निळ्या बोटीची लाट आडवी आली, दोन्ही एकदमच. बोटीचं नाक वर गेलं. पोटाखालच्या बोगद्यात हवा शिरली की पुढे काय होतं ते मी तुला काय सांगू? बोट उभी राहिली, मागे उलटली आणि पालथी पडली. तिथे कुणीही असता तरी हेच झालं असतं. नशीब खराब, एवढंच.

कॅप्सूल फुटली नाही. मुखवटा तुझ्या तोंडावर होता, बाटलीतून हवा येत होती. पाणबुडे एक मिनिट दहा सेकंदांत तुझ्यापाशी पोचले. हेल्मेटला अडकवायची मानेची कॉलर तू लावलेली होतीस. सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम होतं.

चूक माझी आहे. डाव्या खांद्याचा पट्टा ज्या प्लेटला बांधलेला असतो, ती प्लेट कॅप्सूलच्या भिंतीतून उपटून आली. ती मी बसवली होती. कार्बनच्या कापडाचे थर तिथे कमी पडले, नाहीतर राळ नीट मुरली नाही. प्लेट सुटली, तू पुढे फेकला गेलास आणि मान दुखावली. पट्टा तुटला नाही. तू काहीही चुकला नाहीस. ऐकलंस? काहीही नाही.

तेव्हा आता मुकाट्याने जेव. राग काढायचा तर माझ्यावर काढ, ताटावर नको. आणि हे कुणाला सांगत बसू नकोस.

सुतारकाका चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. ते माझं मी बघेन.

ताई


२ जून

ताई,

तुझं पत्र सहा वेळा वाचलं. पहिल्यांदा रडलो. मग सूप प्यायलो, सगळं. सिस्टरने दुसऱ्या सिस्टरला बोलावून रिकामी वाटी दाखवली.

तू रडत असशील. रडू नको. अण्णांच्या बोटीसुद्धा गळायच्या. मला तुझा राग नाही. खरंच नाही. मी शोधून बघितला.

मी चुकलो नाही हे कळलं आणि डोकं हलकं झालं. आता मी व्यायामाला आधी जाऊन बसतो. दोन दांड्यांच्या मध्ये चार पावलं चाललो. पाचव्याला पडलो. बाई म्हणाल्या, पडायलाही यावं लागतं.

नवी बोट घे करायला. साचा आहेच. प्लेटपाशी थर दुप्पट दे. पुढच्या मोसमात मी येतो.

बाई म्हणतात ताईला सोडून दुसऱ्या कुणालाही एक पत्र लिही. लिहितो आहे. अवघड आहे.

छोट्या


२४ जून

छोट्या,

चार पावलं! काकांना सांगितलं तर म्हणाले, "चारात काय होतंय, शेडच्या दारापासून बाकापर्यंत सतरा आहेत." म्हणजे त्यांनी मोजली होती.

नव्या बोटीचं आत्ता नको. साचा फुगला आहे, तो आधी दुरुस्त करावा लागेल. शिवाय एका फेरीबोटीचं कठड्याचं काम आलं आहे, ते संपवते. तू फक्त पावलं वाढव.

इकडे मास्तरांचं काहीतरी बिनसलं आहे. मागच्या आठवड्यात आले ते थेट स्वतःच्या बोटीत शिरले, टॉर्च घेऊन. तास-दीड तास आत. मी चहा नेला तर बाहेर न येताच म्हणाले, "ठेवा तिथे." मग प्लेट कशी बसवतात वगैरे विचारलं. मी सांगितलं. परवा ट्रॉली घेऊन आले आणि बोट घेऊन गेले. अंगणात ठेवतो म्हणाले. आठ वर्षं ज्या शेडचं दार त्यांनी कधी वाजवलं नाही, तिथे मला "येऊ का आत?" असं विचारलं. परीक्षांचे पेपर तपासून डोकं फिरलं असेल. विचारणार होते, पण म्हटलं जाऊ दे, आपणहून सांगतील.

पुढच्या आठवड्यात येते आहे. दोन दिवस राहीन. काय आणू?

ताई


१५ जुलै

ताई,

तू आलीस ते दोन दिवस बरे गेले. तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच कळलं.

उजवा हात असाच राहणार. आणखी व्यायाम केला तरी असाच. चालेन, पण कुबड्यांवर. बोलणं आत्ता आहे त्याहून थोडं सुधारेल, फार नाही. मानेला पुन्हा धक्का बसता कामा नये. मी विचारलं, बोट? शब्द यायला वेळ लागला. त्यांना वाटलं मी दुसरंच काही म्हणतोय. मग कळल्यावर म्हणाले, "अहो, सायकलसुद्धा नाही."

साचा दुरुस्त करू नको. तुला तेव्हाच माहीत होतं ना? म्हणून कठड्याचं निमित्त काढलंस. जाऊ दे.

मी चौतीस वर्षांचा आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे आहेत, बँकेत होते. त्यांना आणि मला एकच सिस्टर एकाच वेळी आंघोळीला नेते.

एक तेवढं बरं आहे. हे माझ्या हाताने झालं नाही. सकाळी उठलो की आधी ते आठवतो, मग पाय खाली सोडतो.

मास्तर कुठल्या बोटीतून उतरणार आहेत या मोसमात? काही बोलले का?

छोट्या


९ ऑगस्ट

छोट्या,

हे पत्र बाईंना शेजारी बसवून वाच. त्यांना मी तसं सांगितलं आहे.

मास्तर गेले. रविवारी, शर्यतीत.

नवी बोट त्यांनी आणलीच नव्हती. जुनी, उघडी घेऊन आले, सांदीत पडलेली ती. लहान इंजिनांच्या वर्गात उघडी बोट अजून चालते. तिला कॅप्सूल नाही, पट्टे नाहीत, अंगात फक्त लाइफ जॅकेट. काकांनी धक्क्यावर त्यांना हटकलं, "मास्तर, हे काय खूळ?" तर म्हणाले, "उलटली तर निदान बाहेर तरी पडेन." दुसऱ्या वळणाला बोट आडवी झाली आणि ते बाहेर पडले, अगदी म्हणाले तसे. मागच्या बोटीला त्यांना चुकवता आलं नाही. ती चालवणाऱ्या पोराला अजून कुणी घरी एकटं सोडत नाही.

वहिनी काल शेडमध्ये आल्या. चालत. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "घरात चांगली नवी बोट असताना ते जुनी का घेऊन गेले? तुम्हाला काही बोलले होते?" मी म्हटलं, नाही. मला खरंच माहीत नाही. मी मघापासून तेच घोळवते आहे. एवढा मोजूनमापून चालणारा माणूस.

तू स्वतःला सांभाळ. काही दिवस मला नीट लिहिता येणार नाही.

ताई


१४ ऑगस्ट

ताई,

मला माहीत आहे ते जुनी बोट का घेऊन गेले.

जूनमध्ये मी ज्यांना पत्र लिहीत होतो ते मास्तर. तुला सोडून दुसऱ्या कुणाला लिहिलेलं ते माझं पहिलं पत्र होतं. पाच वेळा लिहून काढलं. बाईंनी माझं अक्षर बाकीच्यांना लांबून दाखवलं, बघा, मनावर घेतलं तर होतं. मला ते पाठ आहे. "मास्तर, माझ्या बोटीत डाव्या खांद्याची प्लेट भिंतीतून निघाली. तुमच्या बोटीतली प्लेट ताईने त्याच महिन्यात बसवली आहे. ताईला यातलं काही बोलू नका, ती आधीच खचली आहे. तुमचं तुम्ही बघून घ्या." एवढंच.

तू कुणाला सांगू नको म्हणाली होतीस. पण ते दर शर्यतीला तसल्याच कॅप्सूलमध्ये बसणार होते. मी कसा गप्प बसणार? तू टॉर्चचं लिहिलंस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, बघतायत, दुरुस्त करून घेतील. मी उघडी बोट घ्या असं लिहिलं नव्हतं. तसं मनातही नव्हतं.

मी दोन दिवस हेच करतोय. पत्र बरोबर होतं का चूक, एवढंच. प्लेट निघते हे खरं, तर सांगायलाच हवं होतं. मग पुढे त्यांनी काय केलं तो त्यांचा निर्णय. असं बाई म्हणाल्या. मी खोटं तर काही लिहिलं नाही ना, ताई?

लवकर लिही.

छोट्या


२१ सप्टेंबर

छोट्या,

पाच आठवडे झाले. तुझी तीन कार्डं आली, प्रत्येकावर "लिही" एवढंच. मी रोज कागद घेऊन बसत होते.

प्लेट निघाली नव्हती.

तुझ्या बोटीतल्या चारही प्लेट जागच्या जागी आहेत. पट्टे शाबूत आहेत. तू मानेची कॉलर हेल्मेटला अडकवलेली नव्हतीस. पाणबुड्यांनी तुला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही आकडे तुझ्या खांद्यांवर मोकळे लोंबत होते, त्यांच्यावर ओरखडासुद्धा नाही. खांदे पट्ट्यांनी धरून ठेवले आणि डोकं एकटंच पुढे गेलं. कॉलर अडकवलेली असती तर तू त्या दिवशी चालत धक्क्यावर आला असतास, असं क्लबाच्या तपासनिसांनी अपघाताच्या अहवालात लिहिलं आहे. "चालत" हा शब्द त्यांचाच आहे.

दर वेळी तुझे आकडे मी ओढून बघायचे. त्या दिवशी मी बोटीच्या पंख्याच्या पात्यावरून मेकॅनिकशी वाद घालत होते. तुला लांबूनच ओरडून विचारलं, "लावलीस का?" तू अंगठा दाखवलास. कॉलरमुळे बाजूला वळून बघता येत नाही अशी तुझी कायमची कुरकुर होती. मला वाटतं, तू मुद्दामच नाही लावलीस. पण ते तुला आठवत नाही आणि मला ठाऊक नाही.

तू विचारलंस, "मी काय चुकलो", आणि जेवत नव्हतास. माझ्या डोळ्यांसमोर तू कपाळावर हात मारून घेताना दिसत होतास. मला वाटलं, माझ्या अंगावर घेतलं तर माझं काय जाणार आहे? एक प्लेट. माझी पाठ त्याहून मोठं ओझं उचलते. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "त्याच्या चुकीवर तुझं पांघरूण घालू नको, तो लहान नाही." मी ऐकलं नाही. ते चार दिवस बोलत नव्हते ते म्हणून.

पुढचंही ऐक. तपासनीस अहवाल सगळ्या चालकांना वाटणार होते, म्हणजे बाकीचे तरी कॉलर लावतील. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. म्हटलं, मोसम संपेपर्यंत थांबा, नाहीतर छोट्याच्या कानावर जाईल. त्यांना माझी दया आली आणि ते थांबले. तो कागद मास्तरांच्या हातात पडला असता, तर त्यांनी तुझं पत्र आणि तो कागद शेजारी ठेवून बघितला असता. भूमितीचे मास्तर होते, त्यांना एवढं नक्की कळलं असतं.

आणि त्या टॉर्चच्या दिवशी त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "ताई, ही प्लेट ओढ बसली तर निघू शकते का हो?" ताईला बोलू नका असं तू त्यांना लिहिलं होतंस, तरी त्यांनी मला संधी दिली. मी हसले. म्हटलं, "मास्तर, हत्ती लावला तरी निघायची नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

हे तुला लिहिण्याआधी मी वहिनींकडे गेले. त्या मास्तरांच्या टेबलावर पोरांच्या वह्यांचे गठ्ठे बांधत होत्या, शाळेत परत द्यायला. निम्म्या तपासलेल्या, निम्म्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या गठ्ठ्याची दोरी आवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन दिवस ते अंगणात त्या बोटीत जाऊन बसायचे. मला म्हणाले, ताई माझ्या तोंडावर खोटं बोलली, मला हे सहन होत नाही." त्यांनी एक गठ्ठा बांधून पुरा केला. "म्हणजे तेव्हा तुम्ही खरं बोलत होता."

त्यांनी दार उघडून धरलं आणि मी बाहेर आल्यावर लावून घेतलं.

तू पत्रात खोटं काही लिहिलं नाहीस, छोट्या. तुला जे सांगितलं ते लिहिलंस. हे मात्र धरून ठेव.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

कॉलर मी लावली नाही. हे वाक्य मी वहीत लिहून काढलं, सरावाच्या वाक्यासारखं, पानभर. तरी ते दुसऱ्याच कुणाबद्दल वाटतं. मला आठवलं असतं तर बरं झालं असतं. जे आठवतच नाही त्याची लाज कशी वाटून घ्यायची ते इथे कुणी शिकवत नाही.

राग आला. तू विचारशील म्हणून सांगतो. खोटं बोललीस म्हणून नाही. डोक्याला मार लागला म्हणजे मी खरं ऐकायच्या लायकीचा उरलो नाही, असं तू एकटीनं ठरवलंस म्हणून. मी ताट ढकललं असतं, अजून महिनाभर ढकललं असतं. नळी घातली असती त्यांनी. नळीनं कुणी मरत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना फोन केला. बाईंनी नंबर लावून दिला आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तीन वाक्यं पाठ केली होती. मी छोट्या बोलतोय. पत्र मी लिहिलं होतं. त्यात जे होतं ते चूक होतं. आरशासमोर येत होती. फोनवर पहिलंच अडकलं. त्या म्हणाल्या, "कोण? काही कळत नाही. कोण बोलतंय?" मी पुन्हा सुरू केलं. नुसता आवाज निघत होता, घशातला. मला ऐकू येत होतं तो कसा येतोय. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "हे बघा, या घरातलं माणूस गेलंय. अशी थट्टा करू नका." आणि ठेवला.

बाई म्हणाल्या, मग पत्र लिही. नाही लिहिणार. त्या घरात माझं एक पत्र गेलं तेवढं पुरे.

इथून एक फॉर्म आला आहे. घरी जाणार, की कायमच्या विभागात राहणार. मी "राहणार" यावर खूण केली. बँकेतले म्हातारे तिकडेच आहेत. तुझ्या शेडमध्ये बसून मी काय करणार? घासायलाही दोन हात लागतात.

छोट्या


१२ नोव्हेंबर

छोट्या,

तुझं पत्र वाचलं. राग आला तो बरोबर आहे. मी त्यावर काही लिहीत नाही.

इकडचं कळवते. अहवाल मी स्वतः क्लबाच्या फळ्यावर लावला, आणि खाली माझ्या हाताने लिहिलं की तो मी अडवला होता. लोक वाचतात, मी आले की बाजूला होतात. कुणी वाईट बोलत नाही. बोट बांधायलाही कुणी सांगत नाही. तपासनिसांनी काम सोडलं. उघड्या बोटींवर बंदी घालायची म्हणून बैठक झाली. चर्चा झाली, चहा झाला, पुढच्या वर्षी बघू असं ठरलं.

वहिनींनी माणसाकडून निरोप पाठवला की अंगणातली बोट उचला, काय करायचं ते करा, मला दिसता कामा नये. काका आणि मी जाऊन आणली. त्या खिडकीत नव्हत्या. दोन दिवस करवत चालवून तिचे तुकडे केले. तुझ्या बोटीचेही केले. कार्बनची पूड अंगाला लागली की आठवडाभर खाज सुटते, तुला माहीत आहे. काका म्हणाले, आता त्यांना हे काम झेपत नाही. महिनाअखेर ते थांबतील. मी थांबवलं नाही. फेरीबोटींची डागडुजी मिळते, तेवढ्यावर एकटीचं भागतं.

तू तिथेच राहायचं ठरवलंस, मी त्यावर भांडणार नाही. तुझं तू ठरवलंस.

पुढच्या रविवारी येते. थंडीचे कपडे आणते. मला भेटायचं नसेल तर दारावरच्या माणसाला सांगून ठेव. मी पिशवी त्याच्याकडे देईन आणि उलट्या बसने परत जाईन. त्याला कारण सांगायची गरज नाही.

ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

ये. दारावर काही सांगितलेलं नाही.

मी खाली भिंतीजवळच्या बाकावर असेन. तिथवर कुबड्यांवर येतो, वीस मिनिटं लागतात. वाटेत दिसलो तर धावत पुढे येऊ नको.

आणि एक सांगायचं आहे. मला बोलायला वेळ लागतो. जुलैत तू आलीस तेव्हा मी अडलो की तू माझं वाक्य पुरं करायचीस आणि मी हं म्हणायचो, कारण सोपं पडायचं. त्यातलं निम्मं मला म्हणायचंच नव्हतं. या वेळी तू गप्प बस. शब्द आला तर येईल, नाही आला तर नाही. तसंच बसू. मग तुझ्या बसची वेळ झाली की तू जा.

छोट्या